नाल्याच्या पलीकडची घरं

माझ्या सासऱ्यांशी मी थेट बोललेला पहिला शब्द ‘अध्यक्षसाहेब’ हा होता. तोपर्यंत माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पदरात दोन मुलं होती.

आमच्यात भांडण नव्हतं, रीतच तशी होती. घरातले सगळे त्यांना आबा म्हणत. बाहेरून आले की ते आधी ओट्यावर खाकरायचे. मग आम्ही बायका पदर पुढे ओढून आत सरायचो. मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगत, मी तिथेच हातभर अंतरावर उभी असले तरी. “तिले सांग, आजनी भाजी चांगली जायी.” सासूबाई माझ्याकडे वळून तेच पुन्हा म्हणायच्या. मी मान हलवायची, आणि सासूबाई आबांना सांगायच्या, “आयकं तिनी.” आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. आमचं तालुक्याचं गाव, तापीच्या सपाटीवरचं. कापसाचा बाजार मोठा, शिवाय रेल्वे होती. आमची पिढीजात शेती होती आणि आबा नगरपालिकेत मेंबर होते. पाणी, नाले आणि रस्ते यांची एक कमिटी होती, तिचे ते अध्यक्ष. गावात तिला सगळे ‘नाला कमिटी’च म्हणत, कारण गावाची निम्मी काळजी त्या नाल्याचीच असायची. उन्हाळ्यात त्यात म्हशी बसत, आणि पावसाळ्यात तो चवताळून बाजारात शिरे.

त्या सुमारास नगरपालिकेत बायकांसाठी एक जागा राखीव झाली. चांगल्या घरातली एकही बाई पुढे येईना. येईना म्हणजे कोणी येऊ देईना. शेवटी एका वकिलांनी आबांना गाठलं. “तुमच्या सूनबाई मराठी सातवी झाल्यात. नुसतं बसायचंय. जागा रिकामी राहिली तर वर वाईट दिसतं.” आबा भिडेपोटी हो म्हणाले. माझे यजमान शिक्षणखात्यात फिरतीवर असायचे, त्यांनी पत्रातून हसत संमती दिली. आबांनी मला सासूबाईंमार्फत कळवलं, “तिले सांग, कागदवर सही करनी पडी.” अशी मी मेंबर झाले, आणि ‘पाणी म्हणजे बायकांचंच खातं’ असं म्हणून मला नाला कमिटीवर घेतलं.

सुरुवातीच्या मीटिंगांना मी नुसती बसले. टेबलाच्या टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला मी. नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट. बाकीच्यांना माझ्यापुढे विडी ओढता येईना म्हणून ते वैतागायचे आणि मीटिंग लवकर आटपायचे. आबा माझ्याकडे बघायचेच नाहीत. घरी टांग्यातून एकत्र परतायचो तेही मुक्यानं. ते पुढे टांगेवाल्याजवळ, मी मागे.

मग भिंतीचा विषय आला. आदल्या पावसाळ्यात नाला धान्यबाजारात शिरला होता आणि व्यापाऱ्यांच्या गोण्या भिजल्या होत्या. ओव्हरसियरांनी नकाशा काढून आणला. नाल्याच्या बाजाराकडच्या काठावर उंच दगडी भिंत बांधायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नकाशा ओढून पाहिला. पलीकडच्या काठावर कोरा कागद होता.

तिथे कुंभारवाडा होता. मला तो चांगला माहीत होता, कारण माझी थोरली मुलगी तिथल्या दुधावर जगली होती.

थोरलीच्या बाळंतपणात मला ताप भरला, दूध आटलं. गाईचं दूध तिला पचेना. बाळ वाळत चाललं तेव्हा सासूबाई कोणाला न विचारता नाल्यावरच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पलीकडे गेल्या आणि एका कुंभारणीला घेऊन आल्या. तिचं पोर तेव्हा सहा-सात महिन्यांचं होतं. पुढचा महिना-दीड महिना ती दिवसातून तीन-चारदा मागच्या दारानं यायची. मातीचे हात कोपरापर्यंत धुवायची, पदराला पुसायची आणि माझ्या लेकीला जवळ घ्यायची. तिचं पोर तेवढा वेळ माझ्या मांडीवर खेळायचं. मी तिला आक्का म्हणायला लागले. घरात या गोष्टीबद्दल कधी कोणी बोललं नाही. आबांना कळलं होतं की नाही, तेही मला माहीत नव्हतं.

दर पावसाळ्यात आक्काच्या घरात पाणी शिरे. भाजलेली मडकी तरंगत जात ती कोणाकोणाला सापडत तरी. कच्ची मडकी मात्र जागच्या जागी विरघळून पुन्हा चिखल होत. ती हे सांगताना हसायची. “माटीनी माटी जायी, बाई. दुसरं काय!”

नकाशावरच्या त्या कोऱ्या जागेवर माझं बोट होतं. मी ओव्हरसियरांना विचारलं, “भिंतीला अडलेलं पाणी कुठे जाईल?”

“पलीकडे उतार आहे, बाई. तिकडे निघून जाईल.”

“तिकडे घरं आहेत.”

कमिटीतले धान्याचे एक मोठे व्यापारी घसा साफ करत म्हणाले, “मग ठराव मांडायचा ना?” आबांनी टाक उचलला. मी उभी राहिले.

“अध्यक्षसाहेब,” मी म्हणाले, “ही भिंत झाली तर बाजार वाचेल आणि कुंभारवाडा बुडेल. माझी याला हरकत आहे. लिहून घ्यावी.”

आबांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं. रागावलेले दिसले नाहीत, पण अचानक पायरी चुकल्यासारखे दिसले. टाक खाली ठेवून ते म्हणाले, “विषय पुढच्या मीटिंगला.”

घरी ते पाटावर बसले, अर्धी भाकरी मोडून उठले. सासूबाईंनी मला चुलीपाशी गाठलं.

“काय जायं वं? जेवनबी नीट जायं नही.”

मी सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला आधी वाटलं रडतायत. “मन्हा जलममा मी त्यासले कधी हरकत लिधी नही,” त्या म्हणाल्या, “आनि तू ‘लिखी घ्या’ म्हननी!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं घेऊन अंगणात आले तर आबा पागोटं घालून, काठी घेऊन दारात उभे. खाकरले. मी पदर ओढला आणि बाजूला झाले. पण ते सासूबाईंना हाक मारायला वळले नाहीत.

“चाल बेटा,” ते मला म्हणाले, “नाला देखी येवूत.”

मी तशीच ओल्या हातांनी निघाले. आम्ही दोघं रस्त्यानं चाललेलो पाहून शिंप्यानं मशीन थांबवलं, हळद दळणारी बाई दारात आली. आबा कोणाकडे न बघता चालत होते. फरशी ओलांडून आम्ही काठानं खाली उतरलो. तिथे चिखल होता. त्यांचा एक जोडा रुतला, तोल गेला आणि मी विचार न करता त्यांचा दंड धरला. मग सोडायचा कसा ते मला समजेना. त्यांनीही सोडवून घेतला नाही. तसेच आम्ही कुंभारवाड्यापर्यंत गेलो.

आक्का अंगणात माती तुडवत होती. आम्हाला पाहून गोंधळली, पाय पुसू की पदर सावरू असं तिला झालं. तिच्या नवऱ्यानं खाट टाकली. आबा बसले नाहीत. घराच्या भिंतीवर आडवी रेघ होती, माझ्या कमरेच्याही वर. आबांनी तिच्यावर काठी टेकवली.

“पानी आठलोंग येस?”

“दर साल,” कुंभार म्हणाला. “पानी चढनं का पहिलं काय उचलू, आबा? पोरेसले का मडकासले? पोरं उचलस, मडकं ऱ्हाई जातस.”

आबा त्या रेघेकडे पाहत राहिले. मग आक्काकडे वळून, आपल्या लेकीशी बोलावं तसं म्हणाले, “मन्ही नात तुन्हा दूधवर वाचनी. माले माहीत शे, बेटा. इतला दिन सांगं नही, ते मन्हं चुकनं.”

आक्कानं चिखलाच्या पायांनीच पुढे येऊन त्यांना वाकून नमस्कार केला. ती रडत होती आणि मीही. कुंभार बिचारा मध्येच उभा राहून खाटेवरची धूळ झटकत राहिला.

परतताना आबा फरशीवर थांबले आणि खाली नाल्याकडे पाहायला लागले. नाला वरून चांगला रुंद येत होता, आणि फरशीच्या थोडं अलीकडे एकदम चिंचोळा होत होता. तिथे एका गोठ्याची मागची भिंत पात्रात पुढे आली होती. तो गोठा आमचाच होता. मी रोज त्याच्या पुढच्या दारानं आतबाहेर करायची, पण मागून कधी पाहिला नव्हता.

“आबा,” मी म्हणाले, आणि पुढे धीर होईना.

“सांग. आते कसानी लाज?”

“पाणी इथे तुंबतं. म्हणून दोन्हीकडे चढतं.”

“दिसी ऱ्हायनं,” ते म्हणाले. “नालाना गळामा मन्हाच गोठा शे. मन्हा बापनी बांधेल.” आणि मग, “ओव्हरसियरले बी दिसनं व्हई. बोलना नही बिचारा.”

पुढच्या मीटिंगला आबांनी स्वतःच नवा ठराव मांडला. भिंत नको, नाला उपसून खोल करायचा आणि फरशीपाशी रुंद करायचा, त्यासाठी आपल्या गोठ्याची जागा द्यायची. व्यापाऱ्यांना हे पटेना. त्यांना डोळ्यांना दिसणारी भिंत हवी होती. ते धान्याचे व्यापारी कुत्सितपणे म्हणाले, “हल्ली कमिटी आबांच्या चुलीपाशी भरते वाटतं.”

आबा शांतपणे म्हणाले, “भरते. तुमच्या घरी पाणी कोण भरतं? त्यांनाही विचारून बघा एकदा.”

सगळे हसले, ते व्यापारीही. ठराव जेमतेम पास झाला.

गोठा उन्हाळ्यात पाडला. बैल आधीच मळ्यात नेऊन बांधले होते. गोठ्यामागे सासूबाईंनी लावलेलं लिंबाचं झाड होतं, तेही जाणार होतं. कुऱ्हाड पडायच्या आदल्या दिवशी त्यांनी कच्ची-पिकी सगळी लिंबं उतरवली आणि दिवसभर लोणचं घालत बसल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, माले एकलीले करू दे.” आबा ओट्यावर गोठ्याकडे पाठ करून बसले होते. भिंत पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

पोळ्याच्या सुमारास मोठा पूर आला. भरदिवसा आला, म्हणून आम्ही सगळे काठावर गेलो. पाणी लाल, गढूळ, वरून झाडांच्या फांद्या घेऊन येत होतं. फरशीपाशी ते नेहमीसारखं थबकलं नाही, पसरून खाली गेलं. तरी काठ ओलांडलाच. बाजाराच्या कोपऱ्यातली दोन दुकानं भिजली, कुंभारवाड्यात अंगणापर्यंत पाणी आलं. आक्काची उघड्यावर वाळत घातलेली मडकी गेली. घरात मात्र शिरलं नाही. दुपारी पाणी ओसरायला लागलं तसं आक्का पलीकडच्या काठावर आली आणि तिनं दोन्ही हात वर करून हलवले. एवढ्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. आबांनी उलट काठी हलवली.

पण दुकानं भिजली ती भिजलीच. पुढच्या निवडणुकीत आबा पडले. मी मात्र राहिले, कारण राखीव जागेवर अजूनही दुसऱ्या कोणाची सून यायला तयार नव्हती.

मला वाटलं, आबा मनाला लावून घेतील. लावून घेतलंही असेल. पण मीटिंगच्या दिवशी मी टांग्यातून उतरायच्या आत ते ओट्यावरून विचारायचे, “काय जायं आज?” मी जोत्यावर टेकायची आणि पहिल्यापासून सांगायची. कोण काय बोललं, कोण झोपलं, रस्त्याच्या कंत्राटदारानं खडी किती बारीक टाकली. ते मध्ये मध्ये हुंकार द्यायचे, कधी मोठ्यानं हसायचे. सासूबाई आतून ओरडायच्या, “जेवन थंडं व्हई ऱ्हायनं! तुमन्ही कमिटी उठनी का नही?”

गावात नळ आले तेव्हा कुंभारवाड्यासाठी एक मिळवायला मला फार झगडावं लागलं. मिळाला, तर तो कुठे बसवायचा यावरून आबांचं आणि माझं भांडण झालं. मी म्हणत होते वाड्याच्या मध्यावर, सगळ्यांना सारखा. ते म्हणत होते वरच्या टोकाला, उंचावर, कारण नाला कधीतरी पुन्हा चढेल आणि पिण्याचं पाणी नासेल. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. सासूबाई बाहेर येऊन दोघांकडे बघत उभ्या राहिल्या.

“एक काय ते ठरावा,” त्या म्हणाल्या, “नहीतर माले मेंबर करा.”

मी चिडून आत निघून गेले. संध्याकाळी भाकरी थापताना डोकं शांत झालं आणि त्यांचं म्हणणं पटलं. जेवायला वाढताना मी म्हणाले, “आबा, वरच्या टोकालाच बसवू.” त्यांनी ताटातली भाकरी मोडली, एक घास खाल्ला, आणि खाली बघत गालात हसत राहिले. एवढे खूश झालेले मी त्यांना निवडून आल्यावरही पाहिले नव्हते.