होबर्टने खणलेली कबर

होबर्ट क्लाइन हा आमच्या कोळशाच्या दरीतून आमदार झालेला पहिला खाणकामगार. एकदाच निवडून आला, दोन वर्षं टिकला. लोक अजून त्याचं नाव निघालं की थुंकतात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तो एकाच कामासाठी उभा राहिला होता. घरांच्या वर, दरीच्या माथ्याशी, कंपनीने खाणीतला गाळ टाकून टाकून बांध घातला होता. त्यामागे काळं पाणी तुंबलेलं. असे बांध सरकारने तपासावेत, असा कायदा त्याला हवा होता. वर्षभर त्याने एकेका आमदाराची मनधरणी करून मतं जमवली.

विधेयकावरच्या मतदानाच्या दोन दिवस आधी खाणीत छत कोसळून माझा नवरा, अर्ली, गेला. आमच्याकडे कबर शेजारपाजारचे लोक खणतात, आणि पहिली कुदळ जिवलग मित्राची. अर्लीचा जिवलग होबर्ट. मी दुकानातून राजधानीला फोन लावला.

"होबर्ट, अर्ली गेला रे. गुरुवारी पुरायचा."

तो म्हणाला, "येतो, एफी. मी आल्याशिवाय कुणाला कुदळ लावू देऊ नकोस."

मतदान गुरुवारी दुपारी होतं, हे तो बोललाच नाही. पहाटे येऊन खणायला लागला. दोन फुटांवर खडक लागला.

"राजधानीत काम नाही का रे आज?" शेजारच्या वेल्डनने विचारलं.

"हेच काम," होबर्ट म्हणाला. खड्डा पुरता झाला तेव्हा दुपार टळून गेली होती. तिकडे एकच मत कमी पडलं, होबर्टचं, आणि विधेयक पडलं.

पुढच्या वसंतात बांध फुटला. चौदा माणसं गेली, त्यात वेल्डनची बायको. होबर्ट कुदळ घेऊन आला, तर वेल्डनने ती हिसकावली. "खणायची फार हौस ना तुला? झालं खणून. चल, घरी जा!"

त्याच वर्षीच्या निवडणुकीत तो सपाटून पडला. फोन मी केला होता, हे मी चारचौघांत बोलले नाही. भित्री होते मी.

बावीस वर्षांनी होबर्ट वारला. खणायला कुणी आलं नाही. अर्लीची जुनी कुदळ घेऊन मी एकटीच गेले. वेल्डन कुंपणापाशी थांबला.

"म्हातारे, त्याच्यासाठी कशाला मरतेस?"

"त्याला फोन मी केला होता, वेल्डन. मी बोलावलं म्हणून तो आला."

तो वळला आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत माझ्याने गुडघाभरही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी शहरातून यंत्र मागवलं. आमच्या दरीत यंत्राने खणलेली पहिली कबर होबर्टची.