कानस चुकीच्या जागी चालवली

मित्रांनो, लाज वाटते, तरी लिहितो.

आज डिंगोऱ्याच्या जत्रेत, फुगे फोडायचा स्टॉल लावणाऱ्या कमलताईंच्या छऱ्याच्या बंदुकीचा चाप मोडला. जत्रेत दुरुस्तीची कामं मीच करतो, म्हणून दुसऱ्या बंदुकीचा चाप आणला, पण तो खाचेत बसेना. घासायला हवा होता तो आणलेला चाप. गर्दी बघत होती म्हणून घाबरलो आणि बंदुकीची खाचच घासली. आता कोणताच चाप टिकत नाही.

"तात्या, आता हातानंच फुगे फोडा!" एकजण ओरडला.

कमलताई त्याच्यावर खेकसल्या, "तात्यांना नावं ठिवू नका. बंदूकच म्हातारी झाली. उद्या भंगारात देते."

मी नुसती मान डोलावली.

खाच वेल्डिंगने भरता येईल, पण त्यासाठी सकाळच्या आत कमलताईंना खरं सांगावं लागेल. तुम्ही सुरुवात कशी केली असती?