मायनस अकरा

जुन्या शेडमध्ये मागाखाली कापसाची धूळ साचायची. सकाळी झाडली की दुपारी परत तेवढीच. आमच्या ऑफिसातल्या गोष्टींचं तसंच आहे. मी झाडणारा माणूस, म्हणून त्या माझ्याकडं साचतात, एवढंच.

ऑफिस म्हणजे भवानी पेठेतली तीच शेड. चादरीचे माग भंगारात गेले आणि मालकांच्या मुलानं, विनयशेठनं, तिथं कॉम्प्युटर मांडले. तिकडं स्पेन देशात बास्केटबॉलची मॅच होते, तिचं रेकॉर्डिंग सकाळी आमच्याकडं येतं. बास्केट कुणी केले, हुकलेला चेंडू कुणी पकडला म्हणजे रिबाउंड कुणाचा, कुणी हातातला घालवला, सगळं मोजून एका कंपनीला पाठवायचं. काम जोडीनं चालतं. एकानं स्क्रीन बघून ओरडायचं, दुसऱ्यानं टाईप करायचं. दोघांचं बोलणंही कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड होतं. इरण्णा ओरडणार, श्रीलता टाईप करणार. मी आधी माग सांभाळायचो, आता चहा सांभाळतो. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे सगळे येतात.

* * *

त्या खेळाडूंची नावं लांबलचक. इरण्णा अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा. त्याची जीभ त्या नावांना वळेना. मग त्यानं आपली नावं ठेवली. दाढीवाला नऊ नंबर म्हणजे मल्लू, कारण आमचा भाजीवाला मल्लू तसाच दिसतो. टकल्या चार नंबर म्हणजे शेठ!

एकदा घाईत श्रीलतानं तसंच टाईप केलं. कंपनीचा फोन आला, "टीममध्ये मल्लू नावाचा प्लेअर नाही. हू इज मल्लू?"

विनयशेठ घाम पुसत म्हणाले, "सर, ते नऊ नंबरचं घरचं नाव आहे!"

फोन ठेवला आणि नावं बंद केली. तेव्हापासून फक्त नंबर.

* * *

एक खेळाडू मला आवडायचा. उंच, हळू चालणारा. सगळी मॅच खेळायचा, पण त्याच्या ओळीत नुसती शून्यं.

मी इरण्णाला विचारलं, "ह्यो करतो काय रं?"

"आडवा उभा राहतो की, मामा. समोरचा येऊन त्याला धडकतो, तेवढ्यात मागचा मोकळा होतो आन् बास्केट मारतो."

"मग त्याचा आकडा?"

"आडवं उभं राहण्याला रकाना न्हाय, मामा."

चहा गार झाला माझा. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे माग चालू ठेवले मी. एका चादरीवर माझं नाव नाही.

* * *

श्रीलताचे वडील एकदा बघायला आले. माझ्याच शेडमधले विणकर. आता दम लागतो, घरी बसून असतात. घर पोरीवर चालतं. बराच वेळ स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "त्या लोकांना सोताचं मोजता येत न्हाय का?"

श्रीलता म्हणाली, "येतं की, नाना. पर आपण स्वस्त पडतो."

म्हातारा हसला. "चादरीच्या वक्ताला बी हेच सांगायचे!"

* * *

आता आकड्यांची चटक कशी असते बघा. खेळाडू मैदानात असताना टीम पुढं गेली तर त्याला प्लस, मागं पडली तर मायनस, असा एक आकडा असतो. विनयशेठना तो फार आवडला. त्यांनी तो आम्हालाच लावला!

मी तापानं आठ दिवस घरी होतो. त्या आठ दिवसांत चुका कमी झाल्या. मी आल्यावर पुढच्या आठ दिवसांत अकरा जास्त. विनयशेठनी भिंतीवरच्या चुकांच्या तक्त्यात सगळ्यांच्या खाली माझं नाव लिहिलं, पुढं आडवी रेघ, पुढं अकरा.

"मामा, तुमच्या चहानं पोरं स्क्रीनसमोरून उठतात. तुम्ही मायनस अकरा!"

सगळे हसले. मीपण हसलो. एकटी श्रीलता हसली नाही. म्हणाली, "चहा काय मामांनी सोतासाठी केला व्हय?"

पुढं महिनाभर मी रोज तो तक्ता पुसायचो. धूळ पुसायची, आकडा तसाच ठेवायचा.

* * *

त्याच तक्त्याचा दुसरा नियम कडक. महिन्याला ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त चुका, तो घरी. आणि चूक टाईप करणाऱ्याच्या नावावर. ओरडणाऱ्याच्या नाही. चादरीचं असंच होतं; सूत कुजकं द्या, डाग विणणाऱ्याला.

इरण्णा माणूस वाईट नाही. पण सात नंबरवर त्याचा जीव. तो खेळाडू सगळ्यांत बुटका, आणि इरण्णाही बुटका. उंच लोकांच्या गर्दीत चेंडू कुणीही पकडो, हा ओरडायचा, "रिबाउंड सात!"

श्रीलता म्हणायची, "नीट बघितलास का? बारा नंबर हुता."

"तू टाईप कर गं!"

कंपनीनं पाच चुका काढल्या. पाचही सातच्या. पाचही श्रीलताच्या नावावर. ती सगळ्यात खाली गेली.

विनयशेठनी तिला बोलावलं तेव्हा मी ट्रे घेऊन दारातच थांबलो. म्हटलं, "शेठ, चूक पोरीची न्हाय. पोरांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावा, आवाज कुणाचा हाय ऐका. तिच्या घरी दुसरं कमावणारं कुणी न्हाय."

"मामा, बाजूला व्हा."

"आधी ऐका, मग हुतो."

शेठनी लावलं. "रिबाउंड सात!" स्वच्छ इरण्णाचा आवाज. आपल्या जागेवर बसल्या बसल्या इरण्णानं मान खाली घातली.

शेठनी चुकांचा फॉर्म पुढं ओढला. मग म्हणाले, "मामा, खरं आहे तुमचं. पण फॉर्ममध्ये ओरडणाऱ्याला रकानाच नाही."

* * *

शेवटच्या दिवशी श्रीलतानं एक मॅच पूर्ण केली. की-बोर्ड फडक्यानं पुसला, माझा कप धुऊन पालथा ठेवला आणि गेली.

दोन दिवसांनी कंपनीचा फोन. विनयशेठनी स्पीकर लावला.

"शीट एकदम करेक्ट आहे. एकही चूक नाही. पण टीममध्ये एक प्लेअर जास्त आहे. हू इज मामा?"

विनयशेठनी इरण्णाला खूण केली. इरण्णानं स्क्रीनवर ती ओळ काढली. मी ट्रे खाली ठेवून जवळ गेलो.

पूर्ण वेळ मैदानात. बास्केट शून्य. रिबाउंड शून्य. सगळी शून्यं. शेवटच्या रकान्यात अकरा.

त्याच्या आधीच्या आडव्या रेघेवर एक उभी रेघ होती.