निळ्या काठाची नर्स

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सांधणी. मागावरचा जुना ताणा संपत आला की त्याच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा धागा जोडायचा, त्याला आम्ही विणकर सांधणी म्हणतो. बोटाला राख लावायची, दोन टोकं धरायची, पीळ द्यायचा. बेळगावशेजारच्या आमच्या शहापुरात हे काम बायकाच करतात. पण घरात तिसरं माणूस नव्हतं, म्हणून मीही बायकोसमोर बसायचो. मूल झालं नाही. दोन माणसं आणि एक माग, एवढाच संसार.

ताणा पांढऱ्या पातळांचा होता, निळ्या काठाचा. दवाखान्यातल्या नर्स बायकांसाठी आमच्या पेठेतला व्यापारी ही पातळं विणून घ्यायचा. लढाई नुकतीच संपली होती, सूत मोजून मिळायचं, त्यामुळं हे काम हातचं घालवायचं नव्हतं. ती लोंढ्याला बहिणीकडं जाऊन आलेली आणि येताना तिकडचा हिवताप घेऊन आलेली. एक दिवस आड थंडी भरायची. त्या दिवशी तापाची सुट्टी होती, म्हणून सांधायला बसली. मी म्हटलं, हात कापतोय तुझा, राहू दे.

ती म्हणाली, "माझा हात कापला तरी पीळ बसतोय. तुमचा धड हात बघा, नुसत्या गाठी मारल्यासा."

त्याच दुपारी एक बाई आली. मागच्या गल्लीत राहायला येऊन तिला फार दिवस झाले नव्हते, पण गल्ली तिला नर्सबाईच म्हणायची. हातात पिशवी, पायात चपला, अंगावर पांढरं पातळ. शेजारणीनं तिला कौतुकानं आणलं होतं. तापावर कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, सुई टोचली की दोन दिवसांत माणूस उभं राहतंय, असं ती बाई म्हणाली. सुई म्हटल्यावर माझं मन तयार होईना. माझ्या बायकोनं मात्र तिचा पदर हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि हसली.

"आवो, हे आपलंच हाय. ह्या काठाच्या निळ्या सुताची कांडी मी भरलीया. म्हंजे बाई दवाखान्यातलीच."

विणकराचं माणूस माणसाकडं बघत नाही, कापडाकडं बघतं. तिनं जन्मभर तेच केलं होतं. काठ आपला, पातळ नर्सचं, म्हणजे नर्स खरी. यात तिचं काय चुकलं? आम्हाला दुसरी खूण कुणी दिलीच नव्हती. पुढं मला कळलं की विणीत चूक झालेली पातळं तो व्यापारी बाजारात स्वस्तात काढायचा. ज्याला हवं त्यानं घ्यावं आणि नेसून नर्स व्हावं.

बाईनं पत्र्याच्या डबीतून चिंधीत गुंडाळलेली सुई काढली. आमच्याच तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं. उकळणं नाही, काही नाही. मग पदराच्या काठाला पुसली. तो काठ आम्ही विणला होता, हे मला अजून जेवताना आठवतं.

ताप उतरला. शेजारणीनं गल्लीभर डंका पिटला आणि बाईचं नाव झालं. मग दंडावर जिथं टोचलं होतं तिथं गळू आलं. बायको म्हणाली, जाईल, आणि दुखऱ्या हातानं रोज थोडं थोडं सांधत राहिली. एका सकाळी ती चहात भाकरी बुडवून बसली होती. तुकडा ओठापर्यंत नेला आणि तसाच धरून राहिली. तोंड उघडेना. मान ताठ झाली. मी टांगा केला आणि तिला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

त्यांनी तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. उजेड आला, भांडं वाजलं, कुणी मोठ्यानं बोललं की तिचं सगळं अंग धनुष्यासारखं वाकायचं. धनुर्वात, डॉक्टर म्हणाले. त्या खोलीवर एक नर्स होती. तिच्याही अंगावर आमचंच पातळ. मला दारात उभं करून तिनं हळू आवाजात विचारलं, सुई कुणी टोचली. मी सांगितलं. तिचा चेहराच उतरला. ती बाई इथं आया होती, भांडी धुवायची, औषधं गायब होऊ लागली म्हणून काढून टाकली, असं तिनं मला सांगितलं.

"बाबा, आम्ही तीन वर्षं शिकतो, परीक्षा देतो. मग मुंबईच्या रजिस्टरात नाव चढतं, तेव्हा कागद मिळतो. सुई टोचायला कुणी आलं की तो कागद मागायचा असतो."

मी म्हटलं, "मागायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं?"

तिच्यावर माझा राग नाही. तिनं माझ्या बायकोसाठी जे केलं ते लेकीनं केलं नसतं. पण रजिस्टर मुंबईत, सुई शहापुरात, आणि मधे विचारणारं कुत्रं नाही, हा कुठला बंदोबस्त?

तिथून मी चौकीवर गेलो. जमादारानं सगळं ऐकून विचारलं, बायको मेली का? मी म्हटलं, नाही. "मग काय लिहू?" म्हणाला. "काय झालं तर ये." काय झालं तर! माणूस मेल्यावर यायचं होतं, तर जिवंतपणी मी ह्याच्याकडं कशाला तंगडतोड केली?

मग मुन्शीपाल्टीत गेलो. तिथला कारकून पान चघळत होता. तक्रार काय, तर म्हटलं, एक बाई नर्स नसताना नर्स म्हणून फिरतेय.

"आजोबा, पांढरं पातळ नेसायला परवाना लागत न्हाय," तो म्हणाला, आणि शेजारचा कारकून हसला. नर्सच्या नोंदणीचा कायदा मुंबईला झालाय म्हणतात, पण इथं कुणी कुणाला तपासायचं याचा हुकूम आमच्याकडं नाही, असं त्यानं नंतर जरा नरमाईनं सांगितलं.

बाहेर टांगे उभे होते. प्रत्येक टांग्याला मुन्शीपाल्टीचा नंबर, नसला तर दंड. स्टेशनावर ट्रंक उचलणाऱ्या हमालाच्या दंडाला पितळी बिल्ला. वाण्याच्या शेरावर सरकारी छाप, कारण चिमूटभर जोंधळा कमी भरला तर रयतेचं नुकसान होतं. माझ्या बायकोला ज्या टांग्यातून नेलं तो तपासलेला होता. जिनं तिच्या अंगात सुई खुपसली, तिला कुणी हटकलं नव्हतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

शेवटी मी त्या बाईच्याच दारात गेलो. आत माणसं ओळीनं बसली होती. बाईनं मला बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, तुमच्या घरात ओल लई, धनुर्वात त्यानंच झाला असणार. मी ओरडलो, हिच्याकडनं टोचून घेऊ नका, ही भांडी घासणारी हाय. ओळीतली एक म्हातारी माझ्यावरच उखडली. "ही नर्स हाय आन तू कोष्टी. तुला काय कळतंय रं? बाजूला सर, वारा येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बायको गेली. जीभ दातात अडकलेली, बोलता आलं नाही. मी हात धरला होता. बोटांच्या घड्यांत सांधणीची राख तशीच होती.

संध्याकाळी अग्नी दिला आणि घरी आलो. ताणा अर्धा सांधलेला, अर्धा लोंबत होता. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली, पण उंबऱ्याबाहेर ठेवली आणि पदर सावरून मागं सरली. सुतक्याला कोण शिवणार? ती वाईट नव्हती, रीतच तशी. मी त्या भाकरीकडं बघत बसलो. माझं बोलणं चौकीनं ऐकलं नव्हतं, मुन्शीपाल्टीनं नाही, त्या म्हातारीनं नाही. पण माझ्या सुतकाला सगळी गल्ली वाट देत होती.

सकाळी उठलो, तोंडही धुतलं नाही. नदीवरनं आणलेलं दमट धोतर अंगावर तसंच होतं. मागच्या गल्लीत गेलो आणि त्या बाईच्या पायरीवर, बरोबर दाराच्या मधोमध, बसलो. दोन्ही अंगाला भिंत. मला शिवल्याशिवाय आत जाता येणार नव्हतं आणि बाहेरही येता येणार नव्हतं.

पहिली आली ती डोक्याला फडकं बांधलेली एक पोरसवदा सून, तापानं डोळे लाल झालेले. म्हणाली, आप्पा, जरा बाजूला सरा.

"सरत न्हाय," मी म्हटलं. "काल बायकोला जाळून आलोय. हिनंच सुई टोचलेली. शिवायचं आसंल तर जा आत."

ती दोन पावलं मागं गेली. मी तिला म्हटलं, टांगा कर आणि दवाखान्यात जा, आणि तिथंही सुई टोचायच्या आधी कागद माग. मागायची लाज वाटून घेऊ नको. ती फडकं सावरत गेली. तिच्या मागं आणखी दोघी आल्या, लांबूनच माझ्याकडं बघून कुजबुजल्या आणि वळल्या.

मग पाठीमागं कडी वाजली. दार थोडं उघडलं. फटीत निळा काठ दिसला.

"आण्णा, उठा की. लोकं बघायला लागल्यात."

"कागद दाखव, उठतो."

दार लागलं. मी पायरीवर नीट मांडी घातली.