आई ज्या बोटीत बसली नाही

होळी झाली आणि भाऊ पुण्याहून आला. आल्या आल्या त्याने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. निळंशार पाणी, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मधे पांढरी बोट, आणि वर लिहिलेलं, ‘नर्मदा क्रूझ’. दिवसभराचा फेरफटका, डोंगराखालच्या एका काठावर उतरायचं, तंबूत जेवण, धबधबा, संध्याकाळी परत.

“आईला घेऊन जाऊ,” तो म्हणाला. “बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडलेली नाही.”

आई लोणखेड्याला एकटी राहते. मी तिथल्याच कॉलेजात शिकवते आणि शहाद्यात राहते, म्हणजे हाकेच्या अंतरावर. आठवड्यातून तीन-चारदा माझी फेरी असते. भावाला ते पुरेसं वाटत नव्हतं. वर्षभर तो तिला पुण्याला चल म्हणत होता आणि ती विषय बदलत होती. म्हणून त्याने सहलीचं काढलं तेव्हा मला बरं वाटलं. आता तरी दोघं नीट बोलतील, असं वाटलं.

आईला पाण्याची भीती. तापीला पूर आला की ती पुलावरून जाताना गाडीत डोळे मिटून बसायची. “मले पान्यानी भीती वाटस,” ती म्हणाली. पण भावाने इतका आग्रह धरला की शेवटी तिने नवं पातळ काढलं.

धडगावच्या पुढे घाट उतरून आम्ही नर्मदेच्या फुगवट्याशी पोचलो, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. फोटो पावसाळ्यानंतरचा असणार. आता मार्च होता. धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि काठावर चिखलाचा रुंद तपकिरी पट्टा उघडा पडला होता. बोट पांढरी होती, पण पत्र्याची, डिझेलचा धूर सोडणारी. आमच्याबरोबर सुरतेकडचं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि तीन लहान लेकरं. आई बोटीच्या मधोमध बसली, दोन्ही हातांनी फळी धरून. भाऊ सारखा मोबाइलकडे बघत होता. रेंज गेली होती.

तासाभराने बोटवाल्याने आम्हाला एका काठावर उतरवलं. तिथे काही नव्हतं. पाण्यात बुडून मेलेल्या झाडांची काळी खोडं, चिखल, आणि वर उघडा डोंगर. तंबूचे नुसते बांबू उभे होते. धबधब्याच्या जागी कोरडा दगड. बोटवाला म्हणाला, जेवण बुकिंगवाल्यांकडे होतं, त्यांनी पाठवलंच नाही. त्याचाही आवाज पडला होता. सुरतेच्या बाईने पिशवीतून ठेपले काढून सगळ्यांना वाटले. ऊन असं तापलं होतं की लेकरं बोटीच्या सावलीतून हलेनात.

“मी जरा वर जाऊन रेंज बघतो,” भाऊ म्हणाला. “दहा मिनिटांत येतो.”

“रविवारी कसला फोन?” मी विचारलं.

“ऑफिसचा आहे,” असं म्हणून तो चढायला लागला. त्याची पाठ एका उंचवट्यामागे दिसेनाशी झाली.

दहा मिनिटांचा अर्धा तास झाला, मग तास. दुपार कलली आणि पाण्यावर वारा सुटला. आधी नुसत्या सुरकुत्या दिसल्या, मग लाटा येऊन बोटीवर आदळायला लागल्या. बोटवाला उभा राहून पलीकडच्या डोंगराकडे बघत होता.

“बाई, आता निघावंच लागेल,” तो मला म्हणाला. “वारा अजून वाढला तर मधे बोट सांभाळता येणार नाही. लेकरं आहेत.”

“माझा भाऊ वर आहे.”

“मी हाका मारून आलो. काही उत्तर आलं नाही. यांना सोडतो आणि वारा पडला की परत येतो.”

“आणि नाही पडला तर?”

तो बोटीचा दोर सोडायला लागला. त्याचं चुकत होतं असंही म्हणता येईना. सुरतेच्या बाईने धाकट्याला पदराखाली घेतलं होतं आणि ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

मी आईजवळ गेले. म्हटलं, तू यांच्याबरोबर जा, मी भावासाठी थांबते. ती एका दगडावर बसली होती. तिने लाटांकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं.

“तो येत नही तवलोंग मी हालाव नही,” ती म्हणाली.

“आई, परत बोट आली नाही तर इथेच राहावं लागेल.”

“तर ऱ्हासूत.”

बोट आम्हाला सोडून निघाली. लाटांवर ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलत होती. एका लेकराच्या रडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.

“तू जाय,” आई मला म्हणाली. “मी आठेच बठसू.”

तिला त्या काठावर एकटी सोडून चढताना माझा पाय निघत नव्हता. दर थोड्या वेळाने मी मागे वळून बघायची. तिचं पातळ तेवढं दिसायचं. वर एक झोपडी होती. अंगणात एक बाई मोहाची फुलं वाळत घालत होती. मी मराठीत विचारलं, तिला नीट कळलं नाही. मग मी हातवारे करून चष्मा, शर्ट, मोबाइल असं दाखवलं. तिने लगेच टेकडीच्या मागच्या अंगाला बोट केलं, आणि मी चालायला लागल्यावर स्वतःच पुढे झाली.

तिकडे एक कोरडा नाला होता. भाऊ त्याच्या तळाशी बसला होता. पाय घसरून खाली आला होता. चष्म्याची एक काच फुटलेली, उजवा घोटा सुजून टम्म झालेला. हाका मारून त्याचा घसा बसला होता. वाऱ्यात त्या आमच्यापर्यंत आल्याच नव्हत्या.

“आई गेली ना बोटीने?” हा त्याचा पहिला प्रश्न.

“नाही. तुझ्यासाठी थांबली. बोट गेली.”

“तू तिला थांबू कसं दिलंस?” तो चिडून म्हणाला. आणि मग त्याने तोंड हातांनी झाकलं. मला वाटलं, घोटा दुखतोय. मी पाय बघायला खाली बसले तेव्हा तो म्हणाला, “फोन ऑफिसचा नव्हता.”

मग त्याने सांगितलं. आज लोणखेड्याला लोक घर बघायला येणार होते. कॉलेजच्या मुलांसाठी वसतिगृह चालवायला त्यांना घर हवं होतं; ते दिलं की आई पुण्याला येईलच, असं त्याने धरलं होतं. आई घरात असती तर तिने कुणाला उंबरा ओलांडू दिला नसता. म्हणून ही सहल. त्यांनी घर पाहिलं का, एवढंच विचारायला तो रेंज शोधत वर आला होता.

 आई सकाळी बोटीची फळी धरून कशी बसली होती, तेच डोळ्यांपुढे येत होतं. झोपडीतली बाई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत उभी होती. शेवटी मी एवढंच म्हणाले, “हे तिला मी सांगणार नाही. तूच सांग.”

“आज?”

“आजच.”

एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ती बाई, असं करत आम्ही त्याला खाली आणलं. आई उठून उभी राहिली. तिने आधी त्याचा चेहरा बघितला, मग पाय. माझा स्कार्फ मागून घेतला, पाण्यात भिजवला आणि घोट्याला घट्ट गुंडाळला.

“दुखस का?”

“दुखतंय.”

“कोनले फोन कराले गयथा?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे बघत राहिले. मग त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं, पुण्याच्या मराठीत, एका दमात. आईचे हात स्कार्फच्या गाठीवर थांबले होते.

“किल्ली कोनाजोडे शे?” तिने विचारलं.

“शेजारी दिली होती.”

“मले इचारं का?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“मंग?” आई म्हणाली. तिने गाठ मारली आणि ती त्याच्यापासून दूर जाऊन दगडावर बसली.

 झोपडीतल्या बाईने आणलेलं पाणी आई प्यायली, भाऊही प्यायला. ऊन उतरलं. वारा थोडा पडला, पुन्हा उठला, पुन्हा पडला. डिझेलच्या इंजिनाचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मला तो भास वाटला. बोटवाल्याने शब्द पाळला होता. अजून उजेड होता, पण लाटा पुरत्या बसल्या नव्हत्या. येताना आई आमच्या दोघांच्या मधे बसली होती. परत जाताना ती एका टोकाला बसली, आणि बोट हेलकावली तरी तिने कुणाचा हात धरला नाही. भावाने एकदा हात पुढे केला होता. तसाच मागे घेतला.

लोणखेड्याला पोचल्यावर ती आधी शेजाऱ्यांकडे गेली, किल्ली घेतली. घरात लोक फिरून गेल्याचं कळत होतं. बाबांची खाट भिंतीपासून सरकवलेली होती. आईने ती एकटीने परत जागेवर लावली. मी मदतीला गेले तर तिने मला बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भावाचा पाय प्लास्टरमध्ये घातला आणि प्रवास करायचा नाही असं बजावलं. त्यामुळे ज्या घरातून तो आईला न्यायला आला होता, त्याच घरात त्याला महिनाभर राहावं लागलं. पहिले काही दिवस आई त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि आत निघून जायची. मी कॉलेजातून जाताना डोकावले की घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मग एके दिवशी गेले तर दोघं पडवीत बसलेले दिसले. ती तुरीच्या डाळीतले खडे काढत होती आणि तो तिला विचारत होता, रात्री भीती वाटते का, पडलीस तर काय करशील, दुपारी कोण येतं. ती एकेक सांगत होती. वर्षभर तो तिला चल म्हणत होता. हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“रातले जरा वाटस,” असं ती म्हणाली, तेव्हा मीही पहिल्यांदाच ऐकलं.

जूनमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर आईने माडीवरची खोली धडगावकडच्या दोन मुलींना दिली. मुली तिने स्वतः पारखून घेतल्या, एकीला तर दोनदा बोलावून. भावाला तिने ते फोनवर सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, जिन्याला कठडा बसवून घे.

कठडा त्याने दिवाळीत येऊन स्वतः बसवून घेतला. अजून चालताना त्याचा उजवा पाय किंचित ओढतो. आई ते बघते.