तळ्याचं पाणी हुंगणारे तात्या

व्हॉल्व्ह उघडण्याआधी बबनतात्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगायचे, दूध नासलंय का बघावं तसं. मग मान हलवायचे आणि तेच पाणी गावाला सोडायचे. करणार काय? कळस गावाच्या अलीकडचं आमचं गाव. बोअरचं पाणी खारट आणि तळं एकच.

लग्न होऊन मी इथे आले आणि गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवू लागले. उन्हं तापली की तळं हिरवंगार व्हायचं, घाण वास सुटायचा, पोरं पोट धरून बसायची. उसातून खत घेऊन येणाऱ्या ओढ्यावर सगळ्यांचा राग. शेवटी गावाने चर खणून ओढाच वळवला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी आणखी हिरवं! मग काय, लोकांनी तात्यांनाच धारेवर धरलं. ब्लीचिंग पावडर टाकत नाही म्हणाले, कामचोर म्हणाले.

आठवड्याने तात्या लोणच्याची काचेची बरणी घेऊन शाळेत आले. खाली तळ्याच्या तळचा काळा गाळ, वर पावसाचं साठवलेलं पाणी. "बाई, ह्येच्यात वढा न्हाय. बघा काय हुतंय." झाकण घट्ट लावून आम्ही ती खिडकीत ठेवली. पंधरवड्यात बरणी हिरवी झाली.

कारण मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण तळ्याशी ते जोडलं तात्यांनी, याची मला लाज वाटली. इतक्या वर्षांचं खत गाळात साठलेलं. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की गाळ त्याने धरून ठेवलेलं खतातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पाण्यात सोडून देतो आणि त्यावर शेवाळ पोसतं. तात्या म्हणाले, "म्हंजी आमीच टाकल्यालं आमीच पितुय." पूर्वी लोक दर उन्हाळ्यात गाळ काढून रानात न्यायचे. खताच्या गोण्या आल्या, तेव्हापासून गाळाला कुणी हात लावला नव्हता.

गाळ काढायचा तर तळं कोरडं करायला हवं. ग्रामसभेत कधी तोंड न उघडणारे तात्या उभे राहिले. "एक साल उसाला पाणी न्हाय, प्यायला टँकर. कबूल आसंल त्यानं हात वर करा." हात वर झाला तो त्यांचा एकट्याचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तळ्याखालचा दोन एकर ऊस आमचा, आणि समोर आमचे हे बसलेले. माझा हात पदराखालून निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या एवढंच म्हणाले, "आसूद्या बाई. तुमचा ऊस तळ्याखाली हाय, मला ठावं हाय." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे चार उन्हाळे ते तेच पाणी हुंगत आणि सोडत राहिले.

तात्या वारले, त्याच्या दोन दिवस आधी मी त्यांच्यासाठी घरच्या फिल्टरचं पाणी नेलं. पेला ओठाला लावण्याआधी त्यांनी सवयीने नाकाशी नेला.

"वासच न्हाय," ते म्हणाले. मग विचारलं, "शाळंत पोरंबी ह्येच पित्यात का?"

मी "नाही" म्हणाले. त्यांनी पेला तसाच माझ्या हातात परत दिला.