बॅग खांद्यावर, तक्रार इटालियनमध्ये

"ओ पेर्सो ला बोर्सा सुल त्रेनो," काकू हनुवटी वर करून म्हणायच्या. म्हणजे, माझी बॅग ट्रेनमध्ये हरवली. आणि ती काळी बॅग त्यांच्याच मांडीवर!

काकू म्हणजे माझ्या जर्मनीतल्या, एश्बॉर्नच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याची आई. पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या, राहायला आमच्याच इमारतीत. मुलानं त्यांना इटली दाखवायचं कबूल केलं होतं. आल्या आल्या त्यांची छत्री एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये राहिली आणि चौकशीच्या खिडकीशी तोंडातून शब्द फुटेना. झालं! इटलीत असं नको, म्हणून कुठूनशी वाक्यांची पुस्तिका मिळवली. आणि समोरचा इटालियन कारकून कोण? मी! भाजी आणायला जाताना मी दरडावून विचारायचं, "क्वांदो?" कधी हरवली? त्यांनी म्हणायचं, "स्तामात्तीना." आज सकाळी. रोज, तुम्हीच सांगा, रोज!

"काकू, त्यापेक्षा काही हरवूच नका ना!"

"अगं, हरवायचंय कुणाला? पण मुक्यासारखं उभं राहायचं नाही मला."

खरा वैताग त्या मुलाचा. ईस्टरला नेतो म्हणाला, तर सॉफ्टवेअरचं रिलीज आलं. पुढच्या महिन्यात म्हणाला, तर क्लायंट आला. "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर, आणि मग "बघू या" हे ठरलेलं उत्तर. काकू त्याच्यासमोर चकार शब्द काढायच्या नाहीत. "दमतो गं बिचारा," मलाच समजवायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

परतीच्या विमानाला चार दिवस उरले आणि त्यानं एकदाचं केलेलं इटलीचं बुकिंगही रद्द केलं. दुसऱ्या दिवशी काकू मला स्टेशनजवळच्या आइस्क्रीमच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकान एका म्हाताऱ्या इटालियन बाईंचं. मी फ्लेवर बघतेय तोवर काकू काउंटरवर पोचून सुरूसुद्धा झाल्या, "ओ पेर्सो ला बोर्सा..."

बाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. काकूंना बसवलं, पाणी दिलं. कधी हरवली? स्तामात्तीना. कशी होती? ए नेरा, काळी. एक चूक नाही. आणि बॅग खांद्यावर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं जर्मनमध्ये खुलासा केला, की हा नुसता सराव आहे, यांना इटलीला जायचंय.

बाई मनापासून हसल्या. "मग निघणार कधी?"

मी काकूंना तो प्रश्न मराठीत सांगितला. काकूंनी पुस्तिका उघडली, मिटली, आणि घळाघळा रडायला लागल्या. मग मीही. इतके दिवस मी नुसती चिडत होते, शनिवार-रविवार मोकळा असून स्वतः त्यांना घेऊन जायचं काही सुचलं नाही. बाईंनी दोघींपुढे आइस्क्रीम ठेवलं आणि शेजारी बसून राहिल्या.

काकू पुण्याला गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. गुडघे साथ देईनात.

परवा मुलाचा फोन आला. "अगं, मावशी सांगत होती, आई अख्ख्या सोसायटीत म्हणतेय, मुलानं इटली दाखवली, तिकडच्या बायका फार मायाळू. तू नेलं होतंस का तिला?"

"नाही," मी म्हटलं. "आणि तूही नाहीस."